गर्दीत माणूस बदलतो का?

प्रश्न : एरवी शांत असणारी माणसे सामन्याच्या गर्दीत दगडफेक आणि मारहाण कशी करू लागतात?

उत्तर : गर्दीत शिरताच विवेक नाहीसा होतो, असे पूर्वी सर्रास मानले जाई, मला ते स्पष्टीकरण अपुरे वाटते. संघाची जर्सी अंगावर चढली की माणूस ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणून विचार करू लागतो, पंचांचा निर्णय त्याला स्वतःचाच अपमान वाटतो, आणि शेजाऱ्याने भिरकावलेल्या बाटलीला कोणी हरकत घेतली नाही, की तेच रास्त ठरते. ब्रुसेल्सच्या हायसेल मैदानावर २९ मे १९८५ रोजी लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल संघाचे काही समर्थक युव्हेंटस या इटालियन संघाच्या प्रेक्षकांवर धावून गेले. त्या रेटारेटीत भिंत कोसळली आणि ३९ जण दगावले.

मात्र दोष नेहमी एकट्या गर्दीचा नसतो, हे आवर्जून सांगायला हवे. पेरू देशाची राजधानी लिमा येथे २४ मे १९६४ रोजी फुटबॉल सामन्यात यजमान संघाचा गोल नाकारल्यावर प्रेक्षक मैदानात घुसले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, घाबरलेले लोक जिन्यांवरून खाली धावले, आणि खालचे दरवाजे बंद होते. अधिकृत आकड्यानुसार ३२८ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक त्या जिन्यांतच गुदमरले.