६० मीटरच्या वेळेवरून १००चा हिशेब

इनडोअरला (छताखालच्या ट्रॅकवर) ६० मीटर जिंकलास, छान झालं. पण त्या वेळेला ठरावीक आकड्याने गुणून १००ची वेळ काढत बसू नकोस. ६०मध्ये मुख्यतः स्टार्ट आणि सुरुवातीचा वेग पकडणं दिसतं. खरी परीक्षा त्यापुढे.

बोल्टचंच बघ. २००९ला बर्लिनमध्ये ९.५८ धावला तेव्हा ६० मीटर त्याने साधारण ६.३१मध्ये ओलांडले होते, पण सर्वाधिक वेग आला तो ६० ते ८०च्या टप्प्यात! इनडोअरला तिथे तर शर्यत संपलेली असते. उलट अमेरिकेचा ख्रिश्चन कोलमन: २०१८ला स्वतंत्र ६० मीटर शर्यतीचा ६.३४चा विश्वविक्रम (तोही उंचावरच्या अल्बुकर्की शहराच्या विरळ हवेत, हे लक्षात ठेव), पण १०० मीटरला सर्वोत्तम ९.७६, म्हणजे बोल्टच्या बराच मागे. आता इटलीचा मार्सेल जेकब्स. मार्च २०२१ला युरोपियन इनडोअर स्पर्धेत ६० मीटर ६.४७ने जिंकला, तेव्हा टोकियो ऑलिंपिकसाठी त्याचं नाव फारसं कुणी घेत नव्हतं. ऑगस्टमध्ये तिथे १०० मीटरला ९.८०ने सुवर्ण. म्हणजे ६०च्या वेळेची खूण खोटी नसते, अर्धीच असते.

तू एक कर. मैदानात ६०, ८० आणि १००ला खुणेचे शंकू ठेव, मित्राला बाजूने व्हिडिओ काढू दे. शेवटच्या वीस मीटरमध्ये खांदे वर चढतात का, पावलं आखडतात का, तेवढं बघ. वाऱ्याची नोंदही ठेव, इनडोअरला तो नसतोच.