लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमची लॉक स्क्रीन पासवर्डशिवाय उघडते का? हिंजवडीच्या ऑफिसात लॅपटॉप लॉक करून चहाला गेलं तर चालतं ना?

अपडेट मारलेले असतील तर बिनधास्त जा. पण तुम्ही ऐकलंय ते खरंय, २०२१ च्या जानेवारीत हे बाहेर आलं. एका माणसाच्या पोरांनी बाबांचा कॉम्प्युटर हॅक करायचा म्हणून लॉक स्क्रीनवर खरा कीबोर्ड आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड दोन्ही नुसते बडवले आणि स्क्रीनसेव्हर क्रॅश होऊन थेट डेस्कटॉप समोर! शोधल्यावर कळलं की ऑनस्क्रीन कीबोर्डवर डोक्यावर आडवी रेघ असलेलं इंग्रजी e अक्षर (ē) दाबलं की तो कीबोर्ड चालवणारी लिबकॅरिबू नावाची लायब्ररी (तयार कोडचा संच) कोसळायची आणि जाताना लॉक स्क्रीनलाही घेऊन जायची. दुरुस्तीचा अपडेट लगेच आला.

खरं दुखणं एक्स११ चं, म्हणजे लिनक्सवर स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या सिस्टीमचं आहे. तिथे लॉक स्क्रीन म्हणजे सगळ्यावर टाकलेली एक साधी विंडो, तो प्रोग्राम मेला की खालचं सगळं उघडं, म्हणून असले बग परत परत निघतात. तिच्या जागी आलेल्या वेलँड या नव्या सिस्टीममध्ये यासाठी वेगळा सेशन लॉक प्रोटोकॉल आहे, त्यात लॉक स्क्रीनचा प्रोग्राम मेला तरी कंपोझिटर (सगळ्या विंडो स्क्रीनवर मांडणारा मुख्य प्रोग्राम) स्क्रीन लॉकच ठेवतो, मला तरी हेच बरोबर वाटतं.

आणि एक कराच, इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा पासवर्डशिवाय वाचता न येणं) घ्या आणि लॅपटॉप बॅगेत टाकून पीएमपीएमएल बसच्या गर्दीत शिरायच्या आधी तो पूर्ण शटडाऊन करा, कारण नुसता लॉक किंवा स्लीप असेल तर एन्क्रिप्शनची किल्ली रॅममध्येच पडून असते.