मन भटकू देण्याचा खरोखर काही उपयोग असतो का?

आपण विचारले आहे की, सातवीतील मुलगी पुस्तक समोर उघडे ठेवून खिडकीबाहेर पाहत बसते, तर तिची ही सवय मोडावी, की मन असे भटकू देण्याचे काही मानसिक फायदे असतात. मी एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवले आणि त्याआधी मी स्वतः अशीच मुलगी होते, म्हणून हे उत्तर लिहीत आहे. सवय मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९८३ साली मी साताऱ्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि वाईजवळच्या आमच्या गावाहून रोज एसटीने ये-जा करत असे. प्राध्यापकांनी एक प्रश्न घातला होता: बुद्धिबळाच्या पटाच्या ६४ घरांपैकी एकाच कर्णाच्या दोन टोकांची घरे कापून टाकली, तर उरलेली ६२ घरे, प्रत्येकी शेजारची दोन घरे झाकणाऱ्या ३१ पट्ट्यांनी पूर्ण झाकता येतील का? चार दिवस मी वहीत पट आखून पट्ट्या बसवत राहिले आणि दर वेळी शेवटी एकमेकांना लागून नसलेली दोन घरे उरत. आपल्याला जमत नाही आणि ते जमूच शकत नाही, या दोहोंतला फरक सिद्ध कसा करायचा, हे काही केल्या सुचेना.

रविवारी दुपारी आईने रेशनचे तांदूळ निवडायला दिले. ओसरीवर मांडीवर सूप घेऊन बसले. हात खडे वेचत होते आणि मन एसटीच्या पासाकडून मामाकडच्या लग्नाकडे, तिथून शेजारच्यांच्या गाभण म्हशीकडे असे फिरत होते. पटाचा विचार मी करत नव्हते, हे मला आजही नक्की आठवते. आणि एकाएकी उत्तर समोर उभे राहिले. वहीत मी नुसत्या चौकटी आखल्या होत्या, रंग भरलेच नव्हते! पट्टी कुठेही ठेवली तरी ती एक काळे आणि एक पांढरे घर झाकणार. कापलेली दोन्ही टोके मात्र एकाच रंगाची, म्हणजे एका रंगाची ३२ घरे उरली आणि दुसऱ्या रंगाची ३०. पट्ट्या बसणे शक्यच नाही. माझे हात थांबले होते. नेमका तेव्हाच बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करणारा माझा मोठा भाऊ बाहेर आला, त्याने सूप माझ्या मांडीवरून उचलले आणि म्हणाला, "अर्धा तास शून्यात बघत बसलीयेस, तेवढ्यात एक धडा झाला असता." मी आत जाऊन वहीत चार ओळी लिहिल्या. सोमवारी प्राध्यापकांनी त्या मला फळ्यावर लिहायला लावल्या; आमच्या घरात मात्र ती दुपार माझ्या आळसाचा दाखला म्हणूनच पुढे कित्येक वर्षे सांगितली गेली.

ज्याला आपण रिकामे बसणे म्हणतो त्या वेळी मेंदू रिकामा नसतो, हे अमेरिकेतील सेंट लुईस येथील मेंदूशास्त्रज्ञ मार्कस राइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण तो सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो आणि अवघड कामाला लागल्यावर त्यात जेमतेम काही टक्क्यांची भर पडते. उलट मेंदूचे काही भाग असे आहेत की, ठरावीक काम हाती नसताना, म्हणजे गतकाळ आठवताना, पुढचे बेत करताना किंवा दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज घेताना, ते अधिक सक्रिय असतात. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १४५ जणांवर केलेला प्रयोग तर मला माझ्या सुपासारखाच वाटला. रोजच्या वस्तूंचे अनोखे उपयोग सुचवायला सांगून मध्ये काहींना अवघड काम दिले, काहींना सोपे, काहींना नुसती विश्रांती आणि काहींना काहीच खंड दिला नाही. सोपे काम करणाऱ्यांना, म्हणजे ज्यांचे मन अवघड काम करणाऱ्यांपेक्षा जास्त भटकले त्यांना, नंतर त्याच वस्तूंचे अधिक अनोखे उपयोग सुचले. नव्याने दिलेल्या वस्तूंबाबत तो फायदा दिसला नाही.

दोन वर्षांपूर्वी दादाने मला व्हॉट्सॲपवर दुसऱ्या एका अभ्यासाची बातमी पाठवली. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये २,२५० जणांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारले, तेव्हा ४६.९ टक्के वेळा त्यांचे मन हातातल्या कामावर नव्हते आणि अशा वेळी ते कमी आनंदी होते. सुखद विचारांत रमलेले लोकसुद्धा कामात लक्ष असणाऱ्यांहून अधिक आनंदी नव्हते. "आता तरी पटले का?" असे त्याने खाली लिहिले होते. मला पटले नाही, कारण त्या क्षणी आनंद किती होता एवढेच तिथे मोजले गेले. तांदूळ निवडताना मीही आनंदात नव्हते, पण त्याच वेळी मला ते उत्तर सापडले.

दादाची एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. आधीचे चार दिवस मी वहीवर घालवले नसते, तर ओसरीवर काहीही सुचले नसते. फ्रेंच गणिती आँरी प्वाँकारे यांना कूतांस येथे घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताना एका मोठ्या कोड्याचा उलगडा झाला, पण अशा उलगड्याच्या आधी आणि नंतरही जाणीवपूर्वक कष्ट लागतात, असे त्यांनीच सांगितले आहे. आणि २०१२ च्या त्या प्रयोगासारखे पुढे जे प्रयोग झाले, त्यांतील काहींत तसा परिणाम मिळाला नाही, हेही सांगायला हवे.

तेव्हा मुलीने आधी गणित सोडवायचा प्रयत्न केला आहे की नाही, एवढे पाहा आणि मग तिला मटार सोलायला किंवा कपड्यांच्या घड्या घालायला बसवा. काय विचार करतेस, असे मात्र विचारू नका. तिच्या हातात मोबाइल देऊ नका, कारण रील पाहणारे मन भटकत नसते, ते दुसऱ्याच्या दावणीला बांधलेले असते. ती एकाच दुःखाभोवती किंवा भीतीभोवती फिरत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. वडील गेल्यानंतर माझे तसे झाले होते, रात्र रात्र झोप नव्हती, आणि त्यासाठी मला डॉक्टरांकडे जावे लागले. तिथे मन मोकळे सोडणे उपयोगाचे नसते.

दादाची नात दर मे महिन्यात माझ्याकडे राहायला येते आणि सोबत त्याने आखून दिलेले वेळापत्रक आणते. दुपारी तीन ते चार ही वेळ मी त्याला रिकामी ठेवायला लावली होती. यंदा त्या रकान्यात त्याने "अवांतर वाचन" असे लिहून पाठवले आहे. मी ते खोडून पुन्हा रिकामे केले आहे.