नवरा दुबईला गेला तर त्याच्या पैशानं घर खरंच वर येतं का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला दुबईत काम मिळतंय, तुम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सासरी राहणार, आणि पैसा येईल पण घर विस्कटेल अशी भीती वाटते. मी त्याच तालुक्यातला. आमच्या घरात दोन पिढ्या बाहेरच्या पैशावर जगल्या. मला एवढंच दिसलं की पैसा किती येतो यापेक्षा तो कुणाच्या हातात येतो, याला जास्त महत्त्व आहे.

वडील मुंबईत गिरणीत होते. मनीऑर्डर यायची आजोबांच्या नावावर. पोस्टमन सोप्यात बसून नोटा मोजायचा, कुपनावरच्या दोन ओळी वाचून दाखवायचा, आई आतून ऐकायची. चहापूड संपली तरी तिला सासऱ्यांकडं मागावं लागे. वडील किती पाठवतात हे तिला कधी कुणी सांगितलंच नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, मनीऑर्डर थांबली, आणि शिल्लक काहीच नाही हे त्या दिवसांत कळलं. गहाण पडलेला एक तुकडा सोडवला होता, बाकी सगळं लग्नकार्यात गेलेलं. त्या जूनमध्ये आमच्या वह्या आईच्या कानातल्यांवर आल्या.

धाकटा भाऊ मस्कतला वायरिंगच्या कामावर गेला. पहिलं वर्षभर पाठवलेलं सगळं एजंटाला देण्यासाठी काढलेल्या कर्जात गेलं. हे आधीच धरून चाला, पहिल्या वर्षी घर बांधायचं मनात आणू नका. पण त्यानं एक चांगलं केलं, पैसे त्याच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनीच्या, खात्यावर पाठवले. वहिनी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, बँकेतली स्लिप कन्नड आणि इंग्रजीत. सुरुवातीला रांगेतल्या कुणाला तरी विनवून भरून घ्यायची, नंतर मुलीकडून शिकली. आज घरातला सगळा हिशेब तिच्याकडं आहे. मुलीला नर्सिंगला घालायचं तिनंच ठरवलं, आणि त्यासाठी माडीचं बांधकाम तीन वर्षं मागं ढकललं.

जागतिक बँकेच्या अंदाजानं २०२४ मध्ये भारतात बाहेरून सुमारे १२९ अब्ज डॉलर आले. आमच्या गावात त्यातलं जे पोचलं ते स्लॅब, सोनं आणि लक्ष्मीयात्रा, म्हणजे गावदेवी लक्ष्मीची यात्रा, यांत दिसतं. यात्रा कितीतरी वर्षांनी येते. घरं रंगवायची, पै-पाहुण्यांचं करायचं. ज्याचा माणूस बाहेर त्यानं हात सैल सोडला की शेजाऱ्यालाही तसंच करावं लागतं, आणि त्याच्याकडं परदेशातून येणारं काही नसतं. तो कर्ज काढतो. मला हे फार लागतं. दुसरीकडं भात लावायला माणूस मिळत नाही. तरणी पोरं परदेशात नाहीतर गोव्यात, चांगली शेतं पडून आहेत.

माणसं दुरावतात का? थोडी दुरावतात. भाऊ दोन वर्षांनी सुट्टीवर येतो आणि कुदळ कुठं ठेवलीय हे वहिनीला विचारतो. ते ऐकून मला दरवेळी वाईट वाटतं.

आता कामाचं. नवरा जायच्या आधी तुमच्या एकटीच्या नावानं बचत खातं काढा. नवऱ्यानं बायकोला पाठवलेल्या रकमेवर तुम्हाला प्राप्तिकर लागत नाही. तो नोकरीसाठी गेला की त्याचं इथलं साधं खातं तसंच चालवता येत नाही, बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं इथल्या पैशासाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. साठवायच्या पैशासाठी त्यानं वेगळं एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायचं, खातं काढावं, त्याच्या व्याजावर इथं कर नाही. आणि सासूबाईंना दर महिन्याला ठरावीक रक्कम त्यांच्या हातात द्या, मागायची वेळ आणू नका. वहिनीनं आईला पहिल्या महिन्यापासून पाचशे रुपये दिले. आईनं ते घेऊन पोस्टात खातं काढलं, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं.