सैन्यात आयुष्य काढलेला माणूस घरी कसा असतो?

तुम्ही विचारलंय की सगळी उमेद फौजेत घालवलेला माणूस घरच्यांशी कसा वागतो, फार कडक असतो का. सगळ्यांचं मला माहीत नाही, माझ्या आबांचं सांगते.

आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. चीनच्या लढाईनंतर भरती वाढली, तेव्हा 1963 साली बेळगावला गेले आणि 1987 साली नायब सुभेदार होऊन पेन्शनवर आले. आम्ही सातारा जिल्ह्यातले. जवळच्या अपशिंग्याला लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, त्यामुळे घरातला माणूस फौजेत आहे ही आमच्याकडे मिरवायची गोष्ट नव्हती. घरोघरी तेच.

कडक? स्वतःपुरते होते. पहाटे चारला उठायचे, वाकळेची घडी अशी घालायचे की कडेला पट्टी लावून बघावी. आम्ही आठपर्यंत लोळलो तरी ओरडायचे नाहीत. म्हणायचे, "मला शिस्तीचा पगार मिळतो, पोरांना कोण देतंय?" सुट्टीवर आले की माझ्या वेण्या तेच घालायचे. लाल रिबिनीची फुलं दोन्हीकडे सारखी दिसेपर्यंत सोडून परत बांधायचे, तोवर शाळेची घंटा होऊन जायची.

पण ही सगळी सुट्टीतली गंमत. वर्षाला दोन महिन्यांची रजा, म्हणजे चोवीस वर्षांत घरी भरले जेमतेम चार वर्षं. मधली किरकोळ रजा धरली तर थोडं जास्त. भावाच्या जन्माला नव्हते, आजीच्या मातीला नव्हते, आत्याच्या लग्नाला नव्हते. आई हे बोलून दाखवायची आणि ते ऐकून घ्यायचे. मला विचाराल तर तिचं बरोबर होतं. शेत, म्हैस, म्हातारी सासू, पोरं हे सगळं एकटीने ओढलं तिने. आबांची मनीऑर्डर न चुकता यायची, पण मनीऑर्डर काही धार काढत नाही.

मग संसार चालायचा तो पत्रांवर. पत्त्यात गावाचं नाव नसायचं. नंबर, नाव, पलटण आणि शेवटी 56 ए.पी.ओ., म्हणजे फौजेचं टपालघर. एका वर्षी त्या 56 चे 99 झाले. गावातल्या एका जुन्या सुभेदारांनी आईला सांगितलं, "पोरी, पलटण पूर्वेला गेली." तेव्हापासून पत्र आलं की आई आधी तो आकडा बघायची. आकडा तेवढा तिला ओळखता यायचा, बाकी तिला अक्षर येत नव्हतं. पत्र मास्तर नाही तर पोस्टमन वाचून दाखवायचे, पडवीत, चार माणसांत. त्यामुळे आबाही पत्रात काय लिहिणार? थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, पाऊस कसा आहे, बैलाचा पाय बरा झाला का. झालं.

1969 च्या सुट्टीत आबांनी ठरवलं की हिला शिकवायचं. ते स्वतः चौथी पास होऊन भरती झालेले, पुढचं पलटणीतल्या शिक्षण हवालदाराने शिकवलेलं. त्यानेच शिकवलेल्या पद्धतीने चुलीपुढे पाटी घेऊन बसले. आई भाकरी थापणार आणि पिठाच्या बोटाने परातीत अक्षर काढणार. आजीला हे थेर वाटायचे. दोन महिन्यांत जोडाक्षरांपर्यंत गाडी गेली, पुढचं ती माझ्या चुलत्याकडे शिकली.

डिसेंबर 1971 मध्ये जंगी पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या, जमालपूरच्या मागे रस्ता अडवून बसली होती. तिथली चिठ्ठीची गोष्ट आबा दर गणपतीत रंगवून सांगायचे: आपल्या ब्रिगेडियरने मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे तिथल्या बंगाली लढवय्यांच्या, माणसाच्या हाती शरण येण्याचा निरोप धाडला, आणि पाकिस्तानी कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. वर लिहिलं की लेखणी छान चालवता, पुढच्या वेळी स्टेनगन घेऊन भेटा. पुढे 10 तारखेच्या रात्री पाकिस्तानी सैनिक जमालपुरातून फोडून निघायला गेले, ते थेट मराठ्यांच्या मोर्चावर. त्या रात्रीचं मात्र आबांनी कधी काही सांगितलं नाही. भाऊ खोदून विचारायचा तर "थंडी लई होती" एवढंच.

मी तेव्हा चार वर्षांची. लढाई संपल्याचं रेडिओवर कळलं होतं, आबांचं पत्र जानेवारीत आलं. पोस्टमन सवयीने ओट्यावर टेकला आणि वाचायला हात पुढे केला. आईने पत्र घेतलं, आत गेली आणि दाराला कडी घातली. त्यात काय होतं ते तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

पेन्शनवर आल्यावर आबांना पुण्यात चांगल्या पगाराची नोकरी मिळत होती. घेतली नाही. तालुक्याला एका बँकेत बारा बोअरची बंदूक घेऊन पहारा केला, सायकलवर जाऊन-येऊन. संध्याकाळी सातला घरचं ताट पाहिजे, एवढीच अट. सुरुवातीला साखरेचा डबा कुठे असतो हेसुद्धा आईला विचारावं लागायचं. तीन वर्षांपूर्वी गेले.

त्यांच्या काळ्या पेटीत डिस्चार्ज बुकाखाली आईची पत्रं होती. सगळ्यात खाली तिने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पहिलं, 1970 चं. अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी: "म्हैस व्याली. रेडी झाली. आता लिहायला मास्तर लागत नाही. कुणाला दावू नका."

आबांनी ते अख्ख्या सेक्शनला वाचून दाखवलं होतं. रेडी झाली म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडून चहा उकळला. हे त्यांच्याच एका जोडीदाराने माझ्या लग्नात आईसमोर बोलून टाकलं, आणि त्या दिवसापासून दोन दिवस आई आबांशी बोलत नव्हती.