सरकारने ओपन सोर्सला प्राधान्य देणं हा संरक्षणवादच नाही का?

प्रश्न असा आहे की सरकारी कार्यालयांत ओपन सोर्सचा, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता, बदलता, वापरता येतो अशा सॉफ्टवेअरचा, आग्रह धरणं म्हणजे परदेशी कंपन्यांना मागच्या दाराने अडवणं नाही का, आणि त्यातून आपल्याकडच्या छोट्या व्यावसायिकांना खरंच काही मिळतं का. पहिल्याचं उत्तर सरळ 'नाही'. दुसऱ्याकडे येतो, आधी एक जुनं दुखणं सांगू द्या.

तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. २०१६ साली एका निमसरकारी कार्यालयाने बारा मशीनसाठी दरपत्रकं मागवली. मागणीपत्रात 'ऑफिस पॅकेज' एवढं लिहून भागलं असतं, पण तिथे एका कंपनीच्या पॅकेजचं नाव होतं, आवृत्तीसकट. मी उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी, लिनक्सवर उभी असलेली फुकट सिस्टिम) आणि लिबरऑफिस (तसंच फुकट ऑफिस पॅकेज) धरून दर भरला. बिलात लाखाच्या वर फरक पडत होता. तुलनात्मक तक्त्यात माझ्या नावापुढे शेरा आला, 'विनिर्देशानुसार नाही'. उरलेली दोन दरपत्रकं वेगवेगळ्या फर्मची, पण दोन्ही कागदांच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत तीच बारीक काळी रेघ. ड्रमला ओरखडा गेला की अशी रेघ येते. तो प्रिंटर पंधरा दिवसांपूर्वी माझ्याच टेबलावर होता. ड्रम बदला म्हटलं, तर गिऱ्हाईक म्हणालं, 'राहू द्या, चालतंय.'

मी केंद्र सरकारच्या २०१५ च्या ओपन सोर्स धोरणाची प्रिंट त्या कार्यालयाच्या साहेबांपुढे ठेवली. साहेब म्हणाले, 'हे केंद्राचं. राज्याने स्वीकारलं तर राज्याला.' धोरणात तसंच लिहिलंय, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. गंमत म्हणजे त्या धोरणात बंदी कुठेच नाही. निविदेत ओपन सोर्सचा पर्याय आधी विचारात घ्या आणि तो नको असेल तर कारण द्या, एवढंच. कारण द्यावं लागतं याचाच लोकांना त्रास होतो.

आमचे साडू पुण्याला मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. हा किस्सा मी एका बारशाला सांगितला तर म्हणाले, 'सरकारने फुकट्या मालाची बाजू घेतली की बाजार बिघडतो, याला संरक्षणवाद म्हणतात.' तुमच्या प्रश्नात तोच शब्द दिसला म्हणून लिहायला बसलो.

संरक्षणवाद कसा असतो ते मी काउंटरवर बसून पाहिलंय. ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल असा आदेश निघाला. संध्याकाळपर्यंत डिस्ट्रिब्युटर दर सांगेना. दुसऱ्या दिवशी मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढली तेव्हा कुठे फोन उचलायला लागला. तिथे माल कुठून येतो हे बघितलं जातं. ओपन सोर्सला ते बघायचं कारणच नाही. लिनक्सची सेवा विकणारी रेड हॅट अमेरिकन, तिची मालक आयबीएमही अमेरिकन, लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, इंटेल, गूगल, अगदी मायक्रोसॉफ्टच्या पगारी माणसांचा कोड आहे. यातलं कोणीही येऊन सरकारला सेवा विकू शकतं. निविदेत एकाच ब्रँडचं नाव छापणं, संरक्षण म्हणायचं तर त्याला म्हणा.

अमेरिकेतल्या कॉपीराइटवाल्या उद्योगांना मात्र हे पटत नाही. इंडोनेशियाने २००९ मध्ये सरकारी कार्यालयांना ओपन सोर्स वापरायला सांगणारं परिपत्रक काढलं, तर त्यांच्या आयआयपीए या संघटनेने पुढच्याच वर्षी 'स्पेशल ३०१' यादीसाठीच्या (कॉपीराइट-पेटंट नीट न सांभाळणाऱ्या देशांची अमेरिकी सरकारची यादी) तक्रारीत तेही घातलं. पायरसीच्या यादीत! पायरसी सोडून कायदेशीर फुकट वापरा म्हटलं, तरी गुन्हा.

आता दुसरी बाजू, कारण स्वदेशीवाले लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवतील. २०१९ मध्ये त्याच कार्यालयातले भाऊसाहेब पेनड्राइव्ह घेऊन आले. जुने मासिक सभेचे ठराव उघडत होते, पण मराठीच्या जागी परदेशी टिंबवाल्या अक्षरांची खिचडी. महागडं पॅकेज होतं, लायसन्स होतं, उपयोग शून्य. कारण फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीच्या, आधीचा, आपल्याच राज्यात बनलेल्या पॅकेजचा. त्याला जुन्या पॅरलल पोर्टात लावायचं डोंगल, म्हणजे किल्लीसारखा छोटा तुकडा, लागायचं आणि नव्या मशीनला ते पोर्टच नव्हतं. शंभर टक्के स्वदेशी कुलूप. कोणीतरी फुकट ठेवलेल्या कन्व्हर्टरमधून मी फायली काढल्या. पहिली वेलांटी एक अक्षर पुढे सरकायची, रफार भलत्याच्या डोक्यावर बसायचा. तीन रात्री हाताने दुरुस्ती केली. त्या कामाचं बिल निघायला सात महिने लागले.

तेव्हापासून मला कंपनी देशी की परदेशी यात रस नाही. फाईल माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला उघडता येईल का, एवढंच विचारतो. जुलै २०२५ मध्ये युरोपच्या निर्बंधांचं कारण होऊन मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीची सेवा थांबवली. एवढी मोठी रिफायनरीवाली कंपनी, तिलाही दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, मग सेवा पूर्ववत झाली. आमच्या भाऊसाहेबांनी कुठे जायचं?

हां, फुकट म्हणजे बिनखर्चाचं नाही, हे कबूल. म्युनिक शहराने वाजतगाजत लिनक्स घेतलं आणि २०१७ मध्ये विंडोजवर परतायचा ठराव केला. मीही दोन शाळांत उबुंटू टाकून दिलं, शिक्षकांना शिकवायला गेलो नाही. वर्षभरात दोन्हीकडे पायरेटेड विंडोज. चूक माझी. केरळने शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती केली आणि शिक्षकांना शिकवलंसुद्धा, म्हणून तिथे टिकलं.

छोट्यांना काय मिळतं? मशीन विकून नाही, वर्षाच्या देखभालीतून मिळतं, तेही बिल निघालं तर. दर भरण्याआधी 'किंवा समतुल्य' हे शब्द घाला अशी मागणी लेखी द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मी तोंडी बोललो होतो.

आणि साडूभाऊ, वाचत असाल तर, मागच्या दिवाळीत पोरीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर दुकानात बसून ज्याच्यात करून नेलात, ते लिबरऑफिस होतं.