पशुसंवर्धनाची पदविका केल्यावर स्वतःचा गुरांचा दवाखाना टाकता येतो का?

नाही. नावाआधी 'डॉ.' लावून पाटी ठोकायची असेल तर मुळीच नाही.

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांची पदविका झाली आहे, गाव पाच वर्षांपासून तुम्हालाच बोलावतं, तर आता परवाना कुठून काढू. असा परवानाच नसतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 चं कलम 30 वाचा. उपचार करणं, दाखल्यावर सही करणं, कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष देणं हे नोंदणी झालेल्या पशुवैद्यकाचं काम. नोंदणीला बी.व्ही.एस्सी. म्हणजे पशुवैद्यकाची पदवी लागते. पदविकावाल्यांना सरकार परवानगी देऊ शकतं ती किरकोळ सेवांची, म्हणजे लस, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी वगैरे. तीही नोंदणीवाल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली.

"मग रात्री दोन वाजता कोण येणार?" असं तुम्ही शेवटी विचारलंय. हाच प्रश्न माझे थोरले चुलतभाऊ मला बारा वर्षांपासून विचारतात. त्यांचीही पदविकाच.

पारोळ्याकडचं एक गाव, थंडीचे दिवस. एक संकरित गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी बसली. मान पोटाकडे वळवलेली, कान गार. मिल्क फीवर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरतं तो आजार. दादांनी रोग बरोबर ओळखला, हे मी आजही मान्य करतो. औषधही बरोबर, कॅल्शियमची साडेचारशे मिलीची बाटली. पण ती शिरेतून हळूहळू सोडायची असते, हृदयाचे ठोके ऐकत. दादांना पुढच्या गावी जायचं होतं. हात उंच करून त्यांनी पाच मिनिटांत बाटली रिकामी केली. गायीने एकदा अंग ताठ केलं आणि संपली.

संध्याकाळी दादा माझ्या दारात, मागे तो शेतकरी, हातात कॅरीबॅग. आत कापलेला कान, कानात विम्याचा पिवळा बिल्ला. "शवविच्छेदनाचा अहवाल लिहून दे, विम्याला लागतो."

मी कान ट्यूबलाइटखाली धरला. जित्या जनावराला बिल्ला मारला की भोकाला जखम होते, ती भरते, कडेची कातडी जाड होते. इथे भोक कोरं. खपली नाही, गाठ नाही, रक्ताचा डागसुद्धा नाही. मेल्यावर मारलेला बिल्ला. विमा गोठ्यातल्या दुसऱ्या गायीचा होता, तिचा बिल्ला काढून हिच्या कानात बसवला होता. आणि गाय तर सकाळीच पुरून झालेली.

दादा म्हणाले, "एक सहीच ते शे रे भाऊ, गरीबनं घर उभं ऱ्हाई."

मी सही केली नाही. आम्हा नोंदणीवाल्या पशुवैद्यकांसाठी 1992 पासून आचारसंहिता आहे. न पाहिलेल्या जनावराचा खोटा दाखला दिला तर नोंदवहीतून नाव जाऊ शकतं. पण खरं सांगतो, त्या क्षणी कलम-बिलम काही आठवलं नाही. राग आला. चूक त्यांच्या हाताची, आणि ती झाकायला सही माझी.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, पंगतीत, दादा सांगतात की शिकलेल्या भावाने गरिबाच्या पोटावर पाय दिला. पाय कुणी दिला? ती बाटली कुणी रिकामी केली?

म्हणून तुम्हाला सांगतो, पाटीचा विचार सोडा. शिरेत सुई घालण्याआधी नोंदणीवाल्या डॉक्टरला फोन करा आणि त्याच्या सांगण्यावरच चाला. कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ठेवणारा डॉक्टर गाठू नका, तो तुमच्याआधी बुडेल. स्वतःचाच दवाखाना हवा असेल तर 'नीट' (NEET) ही प्रवेश परीक्षा द्या, बी.व्ही.एस्सी.ची साडेपाच वर्षं काढा.

आता दोन गोष्टी, नाहीतर एकतर्फी होईल. किरकोळ सेवांमध्ये नेमकं काय येतं ते राज्य सरकारच्या अधिसूचनेत आहे, ती वाचा. मी वर मोघम लिहिलंय. आणि 2022 ला रावेरकडून लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची साथ आली तेव्हा आमच्या भागात गोठ्यागोठ्यात लस टोचत फिरायला पदविकावालेच पुढे होते, दादाही त्यात. रात्री दोनला मीही प्रत्येक वेळी उठत नाही, हेही खरं.

त्या शेतकऱ्याला मी नंतर पाच हजार नेऊन दिले होते. दादांना हे अजून माहीत नाही. पंगतीत वाढायला कुणी हे उत्तर वाचलेला असेल तर सांगून टाका.